सशाची ससेहोलपट होऊ न देता: मे महिन्यात भुसावळ ते पुणे

ओसरी यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. मे अखेरीस बिऱ्हाड भुसावळहून पुण्याला हलवायचं आहे. सोबत ससा आहे: नर, सव्वा वर्षाचा, वजन 1 किलो 800 ग्रॅम, नसबंदी झालेली नाही. दिवसभर घरात मोकळा असतो, फक्त रात्री पिंजऱ्यात. गाडी हॅचबॅक, एसी व्यवस्थित चालतो. रस्ता जामनेर, पहूर, फर्दापूर, अजिंठ्याचा घाट, सिल्लोड, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर असा धरला आहे. चारशेच्या आसपास किलोमीटर होतात, म्हणजे थांबत थांबत आठ-नऊ तास.

विचारायचं ते असं. दिवसा निघावं की रात्री? घरात तारेचा पिंजरा आहे, तो चालेल का? ज्या दुकानातून ससा घेतला तिथे सांगितलं की आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा, नाहीतर गाडीत उलट्या करेल. हे खरं का? वाटेत पाणी कसं द्यायचं? आणि भुसावळला राहून रेल्वेचा विचारच केला नाही असं नको, म्हणून तेही विचारते. कुणी नीट माहिती असलेलं सांगेल का?

---

तापीकाठ:

ताई, आधी उपाशी ठेवण्याचं डोक्यातून काढून टाका. सशाला उलटी होतच नाही, त्याच्या जठराची ठेवणच तशी नाही. ऑपरेशनच्या आधीसुद्धा सशाला उपाशी ठेवत नाहीत. त्याचं पोट सतत चालू राहायला लागतं. गवत आत जात राहिलं तरच आतडी हलतात. ती थांबली की आत वायू धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आतडी आणखी थंडावतात. दहा-बारा तास काही खाल्लं नाही आणि लेंड्याही पडल्या नाहीत तर ते आजारपण समजून थेट डॉक्टर गाठायचा. आदल्या रात्री उपाशी ठेवून वर आठ तासांचा प्रवास म्हणजे तुम्ही स्वतःच त्याला त्या टोकाला नेऊन ठेवणार.

आता वेळ. सगळे विचारतात की एसीत काय फरक पडतो, केव्हाही निघा. हिशेब एसी चालू असतानाचा करायचा नाही. टायर पंक्चर झालं, बेल्ट तुटला, पुढे ट्रक आडवा होऊन रस्ता बंद झाला, तेव्हा बाहेर किती तापमान असेल याचा करायचा. मेमध्ये दुपारी दोन वाजता पहूरच्या उघड्यावर 44 अंशांत गाडी बंद पडली तर माणूस झाडाखाली बसून राहील, ससा तासभरही काढणार नाही. तेच पहाटे साडेचारला झालं तर काचा खाली करून निवांत स्टेपनी बदलता येते.

म्हणून साडेतीनला घर सोडा. अजिंठ्याचा घाट उजाडायच्या सुमारास चढून होतो आणि वर गेलं की खालच्यापेक्षा हवा जरा बरी लागते. साडेसात-आठला संभाजीनगर, दहा-साडेदहाला अहिल्यानगर, एकच्या आत पुणे. शेवटचे दोन-अडीच तास उन्हाचे, पण तोवर सर्वात तापणारा पट्टा मागे पडलेला असतो. रात्री आठला निघून रातोरात जाणंही चालतं, फक्त गाडी चालवणारा दुपारी झोपलेला हवा. सशाचं म्हणाल तर तो पहाटे आणि संध्याकाळी जागा असणारा प्राणी, त्याला दोन्ही वेळा सारख्याच.

---

कूलरवाला:

एवढं काय घाबरायचं भो. पिंजऱ्यावर ओलं बारदान टाका, दर तासाला पाणी मारा. मेमध्ये आपल्याकडे कूलर चालतो तसंच. एसीची गरज नाही.

---

ससेहोलपट:

कूलरवाले भाऊ, निम्मं बरोबर आहे आणि उरलेलं निम्मं सशाच्या जिवावर बेतेल.

बरोबर ते हे: आपल्याकडे मेमध्ये हवा कोरडी असते, पाणी भराभर उडतं आणि उडताना गारवा देतं. पण कूलरमध्ये पंखा असतो, तो ओल्या जाळीतून हवा ओढतो. पिंजऱ्यावर चारी बाजूंनी ओलं बारदान टाकलं की हवा फिरायची थांबते. आत सशाच्या श्वासाची वाफ साठते, मुताचा उग्र वास साठतो आणि थोड्या वेळात आत दमट भट्टी तयार होते. दमट हवेत पाणी उडत नाही, मग गारवा कुठला? शिवाय बारदानाचं पाणी ठिबकून खालचं अंथरूण भिजतं, अंग भिजतं आणि भिजलेली दाट लव त्वचेपर्यंत वाळायला फार वेळ लागतो. एसी बंदच पडला तर एकाच बाजूला ओला सुती पंचा टांगा, बाकी तीन बाजू उघड्या ठेवा, काचा खाली करा. एवढ्यापुरताच तो उपाय.

सशाला घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकून अंग निववणंही त्याला जमत नाही. त्याचा रेडिएटर म्हणजे कान. त्याच्या अंगाचं तापमान साधारण 38.5 ते 40 अंश. आजूबाजूला 15 ते 24 असेल तर तो सुखात, 28 च्या वर गेलं की लक्ष ठेवायचं, तिशी ओलांडली की धोका. हे अंदाजाने नको. दोन-अडीचशे रुपयांचा छोटा डिजिटल तापमापक मिळतो, तो सशाच्या खोक्याला आतल्या बाजूने, त्याच्या तोंडाला लागणार नाही असा बांधा. पुढच्या सीटवर बसणाऱ्याला गार लागतं तेव्हा मागच्या सीटवर पाच-सहा अंश जास्त असू शकतात, हे तो आकडा बघितल्याशिवाय कळत नाही. एसी 23-24 वर, झडपेचा झोत सरळ सशावर नको, छताकडे वळवा.

बर्फाच्या बाटल्या न्या. अर्धा लिटरच्या चार बाटल्या पाऊण भरून फ्रीजरमध्ये ठेवा. गळ्यापर्यंत भरल्या तर बर्फ फुगून तडकतात. थर्माकोलच्या डब्यात घाला आणि एका वेळी एक काढून जुन्या मोज्यात सरकवा. मोजा नसेल तर बाहेर सुटलेलं पाणी अंथरुणात जातं. बाटली खोक्याच्या एकाच टोकाला बांधायची, म्हणजे गार नको वाटलं तर दुसऱ्या टोकाला सरकायला त्याला जागा राहते. सुटी टाकली तर करकचून ब्रेक लागल्यावर बर्फाची जड बाटली त्याच्या पाठीवर येते. काहीजण फ्रीजमध्ये गार केलेली शहाबादी फरशी ठेवायला सांगतात. घरात ठेवायला उत्तम, गाडीत नको, कारण तेच.

ऊन कुठून येतं तेही बघा. तुमचा रस्ता सगळा दक्षिणेकडे आणि नैऋत्येकडे जाणारा आहे, म्हणजे सकाळचं ऊन डाव्या काचेतून येणार. खोकं उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे ठेवा. डाव्या काचेला बाहेरचं दिसू न देणारं कापड लावा. सक्शनची काळी जाळी उन्हाला पुरत नाही.

ऊन लागल्याची लक्षणं तोंडपाठ करा: कान लालबुंद आणि हाताला चटका बसेल इतके गरम, नाकपुड्या फाकून भरभर श्वास, नाकाखाली ओलसर, लाळ, अंग सैल. तोंड उघडून श्वास घेत असेल तर अगदी शेवटची घंटा, कारण ससा नाकानेच श्वास घेणारा प्राणी आहे. अशा वेळी सावली, एसी, आणि साध्या गार पाण्यात भिजवलेल्या बोटांनी कान ओले करत राहायचे. बर्फाचं पाणी नको, अंगावर ओतायचं नाही, बादलीत बुडवायचं तर मुळीच नाही, त्या धक्क्यानेच जातो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी सोडू नका, ते फुप्फुसात उतरतं. हे सगळं डॉक्टरकडे जाता जाता करायचं, बरा वाटतोय म्हणून परत फिरायचं नाही.

आणि एक गोष्ट चहाच्या टपरीवरची. "पाच मिनिटांत येतो" म्हणून बंद गाडीत ससा ठेवू नका. उभ्या गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच आत दहाएक अंशांची भर पडते. एकाने उतरायचं, एकाने एसी चालू ठेवून बसायचं, मग आलटून पालटून.

---

वांग्याचं_भरीत:

पिंजऱ्याबद्दल मी सांगतो. तारेच्या तळाचा पिंजरा नेऊ नका. सशाच्या तळपायाला गादी नसते, नुसती लव असते, धक्के खात तारेवर आठ तास बसला तर टाचा सोलवटतात. नख किंवा पायाचं बोट तारेत अडकलं आणि त्याच वेळी तो उसळला तर हाड मोडतं. सशाचा सांगाडा अंगाच्या मानाने फार हलका, वजनाच्या सात-आठ टक्केच, आणि मागच्या पायांची लाथ मात्र दणदणीत. स्वतःच्या लाथेने पाठीचा मणका मोडून घेतो तो असा.

दुकानातलं कडक प्लास्टिकचं, वरून उघडणारं कॅरियर मिळालं तर प्रश्नच मिटला. तुमच्या सशाला लांबी 45 ते 50 सेंटिमीटर, रुंदी आणि उंची 30 च्या आसपास पुरे. फार मोठं घेतलं की वळणावर तो आत घरंगळतो. वरून उघडणारं अशासाठी की समोरच्या छोट्या दारातून घाबरलेल्या सशाला ओढून काढताना झटापट होते. वरून दोन्ही हात घालून एक हात छातीखाली, एक पार्श्वभागाखाली असा उचलता येतो. कान धरून उचलणारे अजून दिसतात, त्यांना काय बोलावं.

नाहीतर भाजीचा क्रेट. टोमॅटोला वापरतात तो, साधारण 54 बाय 36 सेंटिमीटर आणि 29-30 उंच. रावेर-यावलकडे तर दर दुसऱ्या घरी सापडेल. आधी साबण लावून घासा आणि दोन दिवस उन्हात टाका, कारण त्यावर फवारणीचे अंश असतात. भोकं बघा: सशाचा पंजा आरपार जाईल एवढी असतील तर आतून पुठ्ठा लावा, पण लांब बाजूंपैकी एक तरी हवेसाठी उघडी राहू द्या. वर झाकणाला एक इंची वेल्डमेश जाळी क्रेटपेक्षा दोन बोटं मोठी कापा, कापलेली टोकं पक्कडीने बाहेरच्या बाजूला दुमडा आणि कडेला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवा. एका लांब बाजूला तीन केबल टाय जरा सैल बांधले की ते बिजागरीचं काम करतात. समोरच्या बाजूला किल्लीच्या जुडग्याचे दोन हूक. तिथे केबल टाय वापरू नका, घाईच्या वेळी कात्री सापडत नाही.

तळाला रबरी मॅट, त्यावर वर्तमानपत्राच्या पाच-सहा घड्या, वर सुती चादरीचा तुकडा, त्यावर दोन मुठी गवत. नुसत्या कागदावर पाय सरकतात आणि आठ तास पाय रोवून बसल्याने तो दमतो. आंघोळीच्या टॉवेलच्या फासांत नखं अडकतात. गोधडीचा तुकडा मऊ खरा, पण टाके कुरतडून दोरे गिळले तर पोटात गुंता. निघायच्या आधी नखांची टोकं कापा, पांढऱ्या नखात आतली गुलाबी रक्तवाहिनी दिसते, तिच्या अलीकडे.

मागच्या सीटवर क्रेट आडवा ठेवा, म्हणजे 54 ची बाजू गाडीच्या रुंदीत. त्यामुळे ससा गतीला आडवा बसतो आणि ब्रेक लागला की नाकावर आपटण्याऐवजी कुशीला टेकतो. सीट मागे उतरती असते, त्या खोलगट भागात दुमडलेली चादर घालून क्रेट सपाट करा. सीटबेल्ट क्रेटच्या मुठीतून ओवून लावा आणि जोरात हलवून बघा. क्रेट हलतो पण सीट हलत नाही असं झालं तर बेल्ट ढिला आहे. पुठ्ठ्याचं खोकं मात्र डॉक्टरकडे जाण्यापुरतंच ठीक. दोन वेळा मुतला की तळ निसटतो.

---

कडबाकुट्टी:

खाण्याचं राहिलं. रोज जे खातो तेच, नवीन काही नाही. प्रवासाच्या आधी आठवडाभर पेलेट (सशाचं विकतचं दाणेदार खाद्य) बदलायचे नाहीत, "वाटेत लागेल म्हणून" बिस्किटं नाहीत. आपल्याकडे लोक केळी चारतात कारण ती घरात असतात. नखाएवढा तुकडा लाच म्हणून ठीक, अख्खं केळ म्हणजे पोटात नुसती आंबणारी साखर.

वाळलेलं गवत मुख्य. टिमोथी हे विकतचं वाळलं गवत मागवत असाल तर तेच भरपूर न्या. स्थानिक चालवत असाल तर वाळलेली हरळी, मारवेल, पवन्या. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त, मूत्राशयात गाळ साठतो. ज्वारीच्या कडब्याची पक्की वाळलेली पानं कुरतडायला चालतील, पण कोवळी हिरवी ज्वारी नको, तिच्यात गुरांनाही मारणारं सायनाइडी विष असतं. कडबा गंजीच्या तळचा, काळपट, कुबट वासाचा असेल तर तोही नको. आणि वाटेत थांबून रस्त्याकडेचं किंवा कपाशीच्या बांधावरचं हिरवं गवत उपटून देऊ नका. तणनाशक मारलेलं गवत पहिले काही दिवस हिरवंच दिसतं.

पाणी. सशाला दिवसाला वजनाच्या किलोमागे 50 ते 150 मिलिलिटर लागतं, म्हणजे तुमच्याला साधारण 90 ते 270. चालत्या गाडीत नळीची बाटली लावली तर ठिबकून अंथरूण ओलं होतं, वाटी ठेवली तर सांडते. म्हणून दर दोन तासांनी दहा-पंधरा मिनिटं गाडी थांबवा, तेवढ्यापुरती त्याची घरची जड वाटी आत ठेवा, निघताना काढून घ्या. कोथिंबीर आणि पुदिना धुवून, न झटकता, डब्यात न्या. घाबरलेला ससा वाटीतलं पाणी पीत नाही पण ओली कोथिंबीर खातो, पाणी तसंच पोटात जातं. घरचं दोन लिटर पाणी सोबत घ्या. चव बदलली की काही ससे तोंड लावत नाहीत, आणि ते दोन लिटर पुण्यात पहिल्या दिवशी नव्या पाण्यात मिसळून द्यायलाही होतं. पाण्यात साखर, ग्लुकोज काही नको.

थांबाल तेव्हा खोक्यात बघायचं ते गवत किती कमी झालं आणि लेंड्या किती पडल्या. लेंड्या बारीक, कोरड्या, माळेसारख्या यायला लागल्या तर पोट मंदावतंय. काळपट मऊ घोस पडलेला दिसला तर जुलाब समजून घाबरू नका. एरवी तो स्वतःच्या तोंडाने खातो त्या मऊ लेंड्या आहेत, धावपळीत खायच्या राहिल्या एवढंच. पाण्यासारखं पातळ असेल तर मात्र डॉक्टर.

---

ओसरी:

सगळ्यांचे आभार, क्रेट आजच शोधते. तीन गोष्टी राहिल्या. रेल्वेचं कुणी बोललं नाही. दुसरं, घाबरू नये म्हणून झोपेची गोळी देतात का? तिसरं, आधी डॉक्टरला दाखवायचं तर दवाखाना लांब आहे, स्कूटीवर नेता येईल का?

---

मेहरूण:

रेल्वे: स्लीपर, थ्री टायर, टू टायर, चेअर कारमध्ये कुत्रा सोबत नेता येत नाही. फर्स्ट एसीचा दोन किंवा चार बर्थचा आख्खा कूपे आपल्या नावावर असेल तरच तो सोबत राहतो, नाहीतर ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात. मांजर नेणारेही कूपेच धरतात. सशासाठी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आधी विचारून, पावती हातात घेऊनच पुढचं ठरवा. पिशवीत लपवून न्यायचा विचार असेल तर सोडा. एक तर टीसीने धरलं की दंड, आणि पिशवीत हवा नसते. सामानाच्या डब्यात एसी नाही, पत्र्याचा डबा, आजूबाजूला पार्सलं आदळतात. मे महिन्यात तो पर्याय माझ्या मते पर्यायच नाही. ट्रॅव्हल्सच्या बसची डिकी त्याहून वाईट, खाली इंजिनाची धग आणि धूर. तुमची गाडी असताना या भानगडीत पडू नका.

गोळी: स्वतःच्या मनाने नाही. गुंगीत ससा खायचं थांबवतो, अंगाचं तापमान सांभाळू शकत नाही, आणि तो बिघडतोय हे तुम्हाला कळतही नाही. काहीजण उताणा करून पोट चोळतात, मग तो निपचित पडतो आणि त्यांना वाटतं शांत झाला. ती भीतीने गोठण्याची अवस्था आहे. शांत करायचं तर खोक्याची ओळख हाच उपाय. क्रेट आजपासून घरात उघडा ठेवा, झाकण न लावता, आत त्याचं रोजचं गवत. तीन-चार दिवसांनी तो आपणहून बसायला लागेल. मग झाकण लावून पाच मिनिटं, मग गाडीत ठेवून इंजिन चालू करून दहा मिनिटं, मग जामनेर रोडला एक छोटी फेरी. परत आल्यावर कोथिंबीर. आठ-दहा दिवसांत काम होतं.

स्कूटी: सकाळी आठच्या आत, खोकं पुढे पाय ठेवायच्या जागेत किंवा मागे बसणाऱ्याच्या मांडीवर दोन्ही हातांत. हँडलला टांगायचं नाही, डिकीत घालायचं नाही. समोरून येणारा वारा आणि धूळ अडवायला पुढच्या बाजूला फक्त पंचा.

डॉक्टरांबद्दल. तालुक्याचे दवाखाने गुराढोरांचे, तिथे चांगले डॉक्टर असतात पण सशाचा सराव असेलच असं नाही. फोनवर दोन प्रश्न विचारा. प्रवासाआधी उपाशी ठेवू का? "हो" म्हणाले तर दुसरा दवाखाना बघा. सशाला तोंडाने कोणती अँटिबायोटिक देत नाहीत? अमॉक्सिसिलिन आणि पेनिसिलिनच्या घराण्यातली, हे उत्तर यायला हवं. ती पोटात गेली की आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि ससा दगावतो. तसंच गोचीड-पिसवांचा फिप्रोनिलचा स्प्रे, जो कुत्र्यांना सर्रास मारतात, सशाला विषारी आहे. "प्रवासाआधी एक फवारा मारून देतो" म्हणाले तर हात जोडून नाही म्हणा. पुण्यातल्या आणि वाटेवर संभाजीनगरच्या, ससे बघणाऱ्या दवाखान्यांचे नंबर आणि वेळा निघायच्या आधी फोन करून कागदावर लिहून घ्या. पहाटे पाचला मोबाइलवर शोधत बसायची ती वेळ नव्हे.

---

ससेहोलपट:

औषधांच्या पिशवीत काय ठेवायचं ते जोडतो. सुई नसलेल्या 1 आणि 5 मिलिलिटरच्या सिरिंज, दोन-तीन. वाटून भुकटी केलेले त्याचे पेलेट शंभर ग्रॅम. चार-पाच तास त्याने गवताला, कोथिंबिरीला काहीच तोंड लावलं नाही तर भुकटी कोमट पाण्यात पळीवाढी भिजवा, सिरिंज गालाच्या बाजूने, पुढच्या दातांमागच्या फटीतून घाला आणि अर्धा-अर्धा मिली सोडा. चावताना दिसला की पुढचा. सरळ घशाकडे पिचकारी मारली तर ठसका लागून फुप्फुसात जातं. पण आधी पोटाला हात लावून बघायचं. नेहमीसारखं मऊ असेल तरच हे करा. ढोलकीसारखं ताणलेलं, कडक लागलं तर आत अडकलेलं असू शकतं, तेव्हा एक थेंबही भरवू नका, गाडी सरळ दवाखान्याकडे.

गाडीत हॉर्न, मोठ्याने गाणी, उदबत्तीचा किंवा कापराचा वास, परफ्यूमची बाटली, सगळं बंद. आणि कितीही लाड आले तरी रस्त्यात खोक्याबाहेर काढू नका, पट्टा लावूनही नाही. ट्रकचा हॉर्न वाजला की पट्ट्यासकट उसळतो आणि हायवेवर सुटलेला ससा परत मिळत नाही.

---

शिरपूरकर:

विषयाला जोडून एक. ताईंचा पाळीव आहे म्हणून प्रश्न नाही, पण उसाच्या, कपाशीच्या शेतात सापडलेलं रानसशाचं पिल्लू घेऊन प्रवासाचे प्रश्न विचारणारेही असतात. तो वेगळा प्राणी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला संरक्षण आहे, घरी ठेवणं गुन्हा. आई पिल्लांना दिवसभर एकटं सोडून फक्त एक-दोनदा पाजायला येते, म्हणून ते "अनाथ" दिसतं. सापडलं तिथेच झुडपाखाली ठेवून निघून जायचं. जखमी असेल तर वनखात्याला कळवा.

---

ओसरी:

हे सगळं लिहून घेतलं. शेवटचं: पोहोचल्यावर लगेच मोकळा सोडू का? आणि ऑगस्टमध्ये सणाला परत भुसावळला आणावा लागेल, तेव्हाही हेच सगळं?

---

तापीकाठ:

लगेच मोकळा नको. एक कोपरा करा, दोन-तीन खुर्च्या आडव्या टाकून किंवा जाळीचा, सहा बाय चार फुटांचा पुरे. निघताना त्याच्या शौचाच्या ट्रेमधला थोडा वापरलेला कागद आणि लेंड्या पिशवीत घ्या, पुण्यात नव्या ट्रेमध्ये तेच खाली टाका. न धुतलेली जुनी चादरही तिथेच. स्वतःचा वास आला की त्याला जागा ओळखीची वाटते, आणि नसबंदी न झालेला नर असल्याने घरभर पिचकाऱ्या मारत हद्द आखायची त्याची घाईही थोडी कमी होते. क्रेट उघडून त्याच कोपऱ्यात ठेवा, दोन दिवस तेच त्याचं बीळ. वायरी आधी वर बांधा. पुढचे 24 तास लेंड्या मोजत राहा, काही वेळा पोट प्रवासात टिकतं आणि पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी रुसतं. पुण्यात ओळखीच्यांकडे दुसरा ससा असला तर पहिल्या दिवशीच भेट घालून देऊ नका, दोन नर एकमेकांना फाडतात.

नसबंदीचं पुण्यात बसल्यावर बघा, प्रवासाच्या तोंडावर नको. टाके भरायला दहा-बारा दिवस धरून ठेवायचे.

---

कडबाकुट्टी:

ऑगस्टचं वेगळं. तेव्हा शत्रू ऊन नाही, माशी. दमट हवेत बुडाची लव मुताने किंवा मऊ लेंडीने भिजली की माशी तिथे अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या पडतात, त्या जिवंत मांस खातात. प्रत्येक थांब्यावर मागची बाजू उचलून बघा, ओली असेल तर कोरड्या सुती कापडाने पुसा, वरचा चादरीचा तुकडा बदला. तीन-चार तुकडे जास्तीचे न्या. क्रेटवर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा, दात पोहोचणार नाहीत असं बाहेरून. अळी दिसली तर उपटत बसू नका, धुवू नका, तासाभरात डॉक्टर. वाळलं गवत हवाबंद डब्यात, पावसात ते एका रात्रीत कुबट होतं. ओल्या बारदानाचा तर तेव्हा काडीचाही उपयोग नाही.

---

कूलरवाला:

बारदान मागे घेतो भो. क्रेट मात्र माझ्याकडे पाच पडलेत, ताई, भुसावळातच आहे, धुतलेला एक घेऊन जा.